पश्चिमेच्या भिंतीची पन्हळ

१ मे २०२४, बुधवार

पुस्तकांचं मोठं कपाट आज हलवलं. अडतीस वर्षं एका जागी होतं. मागची भिंत काळी निघाली. जमिनीपासून माझ्या छातीपर्यंत काळी, आणि मधे मधे पांढरी लव. वास असा की दोन पावलं मागं यावं लागलं. त्याच भिंतीला उशी टेकून द्वारका झोपते. कपाटाची कड आणि तिची उशी यांत हातभर अंतर!

एप्रिलमध्ये ती आठ दिवस दवाखान्यात होती. श्वास पुरत नव्हता. डॉ. सुप्रिया माझीच विद्यार्थिनी, नववीत पहिल्या बाकावर बसायची. घरी सोडताना म्हणाली होती, "सर, काकूंच्या खोलीच्या भिंती एकदा बघून घ्या. औषधं मी बदलीन. भिंत मला बदलता येत नाही." तेव्हा मी हसलो होतो.

हवा, पाणी, जंगल यांवर मी या दोन तालुक्यांत गावोगाव बोललो. घरातल्या उशाशी काय वाढतंय ते आज कळलं. लाज वाटली. लिहून ठेवतो.

खाटेखाली द्वारकेची दवाखान्याची बॅग सापडली. भरलेली, अजून उपसलेली नाही. काम तसंच ठेवणारी बाई नव्हे ती. पोशीरच्या शाळेत एकतीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळला, एक दिवस हजेरीपट उद्यावर टाकला नाही. मी बॅग उघडायला गेलो तर म्हणाली, "राहू दे ती. तशीच असू दे."

अशक्तपणा असेल. सारून ठेवली.


२ मे

ओल कुठून आली ते समजलं. पश्चिमेला आमच्या आणि धनेशच्या घरांमधे बोळ आहे, जेमतेम दीड हाताचा. आधी तिथे माती होती, अळू माजायचं. आमच्या कौलांवरच्या पागोळ्या मातीत पडायच्या, माती पिऊन टाकायची. गेल्या वर्षी धनेशने बोळात सिमेंटची फरशी केली. आता तेच पाणी फरशीवर आपटतं आणि उसळून आमच्या भिंतीवर येतं. चार महिने, रात्रंदिवस.

म्हणजे वळचणीला पन्हळ हवी. पाणी वरच्या वर धरून पाइपाने पुढच्या गटारात सोडायचं. इतकं सोपं.

संध्याकाळी सुप्रिया भिंत बघायला आली. बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला.

"खोली बदलता येईल?"

नाही. मधल्या खोलीला खिडकी नाही. माडी तिला चढवत नाही. मोरी याच खोलीला लागून.

"मग पावसाळाभर काकूंना पुण्याला ठेवा. तुमच्या अंतराकडे हवा कोरडी आहे."

मी म्हणालो, "हे घर सोडून ती कुठेही जाणार नाही."

द्वारका खिडकीबाहेर बघत होती. सुप्रियाने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ठीक आहे. पंधरा जूनला मी येईन आणि भिंतीला हात लावीन. ओली लागली तर मात्र मी तुमचं ऐकणार नाही, सर."

चव्वेचाळीस दिवस. पुष्कळ झाले.


५ मे

बाजारपेठेत हार्डवेअरच्या दुकानात गेलो. पन्हळ म्हणताच त्याने पांढरी प्लॅस्टिकची पुढे टाकली. "पीव्हीसी न्या सर. सगळे हीच नेतात." सगळे नेतात हे कारण झालं का? तसं विचारलं. तो म्हणाला, "मग तुमच्यासाठी वेगळं काय ठेवू, सर?"

मी प्लॅस्टिक घरात आणत नाही. २६ जुलैच्या पुरानंतर आमच्या नाल्याच्या तोंडाशी साचलेलं प्लॅस्टिक मी या हातांनी ओढून काढलं. तीन दिवस ओढत होतो. त्याच आठवड्यात घरातली प्रत्येक प्लॅस्टिकची वस्तू बाहेर काढली. बादल्या, डबे, सूपसुद्धा. माळ्यावरच्या पितळी बादल्या खाली आल्या. एकोणीस वर्षं झाली. भाषणात हे सांगतो तेव्हा सभा शांत होते, कारण मी केलंय ते सांगतो.

द्वारकाही त्याच बादलीने पाणी काढत आली. मागच्या पडवीतल्या बंबापासून मोरीपर्यंत, रोज दोघांच्या आंघोळीचं. कधी एका शब्दाने कुरकुरली नाही. एप्रिलपासून ठकी कामाला येते सकाळी, ती उचलते.

ज्या माणसाने हे केलं, त्याच्या घराच्या कपाळावर पांढरं प्लॅस्टिक? नाही.


९ मे

खोपोलीहून ॲल्युमिनियमवाला आला. गुळगुळीत पुस्तिका घेऊन. टेंपोत यंत्र आणतो म्हणे, पत्र्याची गुंडाळी त्यात घालायची आणि दारातच हवी तेवढी लांब, सलग पन्हळ बाहेर. गंजत नाही, मधे सांधा नाही. गोष्ट चांगली. पण मी विचारलं, या धातूसाठी कुठला डोंगर खणला? किती वीज जाळली? तो पाच मिनिटं ऐकत राहिला. मग म्हणाला, "काका, मला फक्त फूट सांगा."

त्याला चहा दिला आणि पाठवलं.

मग पत्रेवाल्याकडे. जस्ताचा पत्रा वाकवून देतो. त्याचं बोलणं प्रामाणिक. "आपल्याकडच्या पावसात सांध्याशी गंज धरतो सर. दोन वर्षांनी रंग मारायचा. नाही मारला तर पाच पावसाळे, पुढे देवाची मर्जी." देवाच्या मर्जीवर मी भिंत सोडणार नाही.

उरलं काय? तीन दिवस वाचतोय. जुन्या घरबांधणीवरची दोन पुस्तकं त्या काळ्या कपाटातूनच निघाली, पानं एकमेकांना चिकटलेली. पोफळीच्या खोडाची पन्हळ. बांबूची पन्हळ. इथल्या डोंगरात उगवतं, इथल्या मातीत जिरतं. कारखाना नाही, धूर नाही. शतकानुशतकं लोकांनी हेच केलं आणि आपण पुस्तिका चाळत बसलोय.


११ मे

अंतराचा फोन. सुप्रियाने तिला कळवलेलं दिसतं.

"बाबा, आईला विचारलंत का तुम्ही?"

"काय विचारायचं त्यात? त्रेचाळीस वर्षं ओळखतो मी तिला."

"फोन द्या तिला."

दिला. बराच वेळ चाललं होतं. द्वारका नुसतं "हं" म्हणत होती. शेवटी नातीशी बोलली, तेव्हा मात्र हसली. तनयाचा दात पडलाय.


१८ मे, शनिवार

कशेळ्याला पाण्याची सभा. वरच्या वाड्यांतून जीप भरभरून माणसं आली होती. मी चाळीस मिनिटं बोललो. फार दिवसांनी असं बोललो. घसा तापला होता, समोरचा मांडव हलत नव्हता. म्हणालो, हा डोंगर तुम्हांला पन्हळ देतो आणि तुम्ही तिच्यासाठी दुकानाच्या दारात उभे राहता? ज्या समाजाने आपल्या हातातलं ज्ञान टाकून दिलं तो दुसऱ्याच्या हाताकडेच बघत राहतो. आणि शेवटी म्हणालो, आधी ठरवलेलं नव्हतं, ओठांवर आलं, "या पावसाळ्याआधी माझ्या घराला याच डोंगराच्या बांबूची पन्हळ लागेल. येऊन बघा!"

टाळ्या थांबेनात.

पुढच्या रांगेत जैतू होता. वरच्या वाडीतला. या सबंध पट्ट्यात बांबूत त्याच्याइतका हात कुणाचा नाही. माझ्या बैठकांना तो पंचवीस वर्षं येतो. त्याने टाळी वाजवली नाही. पायाच्या अंगठ्याकडे बघत होता.


१९ मे

जैतू घरी आला. पडवीत बसला. द्वारकेने आत बोलावलं तरी नाही म्हणाला.

"सर, तुमी बोलून बसलात."

"मग? चुकीचं बोललो?"

"बोललात चांगलं. पण आता कळक तोडत नायत." कळक म्हणजे इकडचा जाड बांबू. "दिवाळी झाली की तोडायचा, तो पण आवसेच्या अंगाला. मग महिनाभर ओढ्यात बुडवून ठेवायचा. आता त्याच्यात गोडवा हाय. किडा गोडव्याला येतो. आनि चार दिवसांवर पुनव आली. पुनवेचा कळक तर आमी चुलीला पण आनत नाय."

मी त्याला समजावलं. चंद्राचा आणि किड्याचा संबंध नाही हे मी आयुष्यभर सांगत आलो. वाडीतल्या भगताशी या अंगणात वाद घातले, जैतू साक्षीला आहे. तो ऐकून घेत होता.

मग म्हणाला, "माज्या घराला कसली पन्हळ हाय, बघितलीत का?"

"बांबूची असणार."

"प्लॅस्टिकची. सुनीलनं लावलीय दोन वर्सं झाली. जनाच्या अंथरुणावर गळायचं." जना त्याची बायको; सुनील मुलगा, माथेरानच्या एका हॉटेलात डागडुजीचं काम बघतो.

मला राग आला. त्याच्यावर नव्हे, काळावर. म्हणालो, "जैतू, तूच असं केलंस तर मी कुणाच्या जोरावर बोलायचं?"

"ते मला काय म्हाईत, सर. तुमी मला इचारून बोलला असता तर मी आदीच सांगितलं असतं."

उठला. पायऱ्या उतरताना वळून म्हणाला, "लावायला येतो मी. तुमचा शब्द हाय, लोक बघायला येतील. तोडायला मातर येनार नाय."


२२ मे

पोशीरला आमचा ओळखीचा नवीन, त्याच्या शेतात बांबूचं बेट आहे. त्याने माणसं लावून तोडून दिला. सहा कळक, एक नंबरचे. टेंपोतून दुपारी आले. हिरवेगार.

द्वारका दारात आली, एका कळकावरून हात फिरवला. "ओला आहे हो."

वाळेल की!


३० मे

पन्हळ लागली.

दोन दिवस जैतू एकटा काम करत होता. कळक उभा चिरायचा, पेरांमधले पडदे कोयत्याने काढायचे, आतून तासून गुळगुळीत करायचं. मग एकात एक सरकवून सुंभाने आवळायचं आणि वाशांना लोखंडी आकडे ठोकून त्यांवर बसवायचं. दहा फुटाला एक बोट उतार. दोरी, पाण्याचा लोटा आणि डोळा, बाकी काही नाही. तो चिरताना मी बोललो नाही. असं काम बघताना बोलू नये.

बोळात शिडी सरळ उभी राहत नाही. पाठ धनेशच्या भिंतीला, गुडघे आमच्या भिंतीला, असा अडकून त्याने वरचं काम केलं. साठी उलटलेला माणूस.

संध्याकाळी ऊन पडलं होतं. कौलांच्या कडेला हिरवी रेघ. देखणी! तालुक्यातून बारा-पंधरा माणसं बघून गेली. धनेश म्हणाला, "सर, शोभा आली हो बोळाला. आता हिला पाणी घालावं लागणार का?" सगळे हसले, मीही.

जैतू निघताना पन्हळीकडे न बघता गेला. मी त्याला दोनदा थांबवलं, फोटोसाठी. तो फोटोतही खाली बघतोय.


१ जून

द्वारकेला आज पडवीत खुर्ची टाकून दिली. पन्हळीचं पुढचं टोक तिथे दिसतं. तासभर बसली. मी तिला विचारलं, झकास ना? म्हणाली, "तुम्हांला हवी तशी झाली."


५ जून

खुर्चीवर पिवळी पूड. पिठासारखी. झटकली.

तासाने पुन्हा.

शिडी लावून बघितलं. पन्हळीच्या पोटाला टाचणीच्या टोकाएवढी भोकं. कान लावला तर आत बारीक करकर. दोन पेरांना उभे तडेही गेलेत, हिरवा रंग उडालाय.

द्वारकेच्या शालीवर पूड होती. केसांवरही. चार दिवस ती या पुडीखाली बसत होती. मी बसवलं तिला तिथे.

जैतूला फोन केला नाही.


९ जून, रविवार

दुपारपासून पाऊस धरला तो थांबला नाही. दोन तास पन्हळ चांगली वाहिली, मी बोळाच्या तोंडाशी छत्री घेऊन उभा होतो. मग मधला सांधा सुटला. नेमका तिच्या उशाच्या वर. अख्ख्या छपराचं पाणी एका जागी, एक धार, जाडीला माझ्या मनगटाएवढी. आधी निदान पागोळ्या होत्या, सगळीकडे विखुरलेल्या. आता ही धार फरशीवर आपटून खिडकीपर्यंत उसळत होती. मी शिडीवर चढायला गेलो. धनेशने मागून धरलं. "सर, उतरा. पाय सटकला तर काकूंचं कोण बघेल?"

आम्ही दोघांनी खालून बांबूने ढोसून पन्हळ पाडली. दहा दिवसांपूर्वी जिचे फोटो काढले ती.


१० जून

रात्रभर खोकली. पहाटे ओठ निळसर. सुप्रियाने येऊन वाफ दिली, सुई दिली. अकराच्या सुमारास श्वास शांत झाला. भिंत आतून ओली आहे, हात लावला की तळव्याला चुना येतो.

सुप्रिया मला पडवीत घेऊन गेली. वर्गात मी जसा मुलांना बाहेर न्यायचो तशी. म्हणाली, "सर, तुमचं कुठलं भाषण मी विसरलेले नाही. पण आता पंधरा तारखेला पाच दिवस राहिलेत."

खोपोलीच्या ॲल्युमिनियमवाल्याला मीच फोन लावला. मला ओळखलं त्याने. "काका, आता यंत्र एकवीसनंतर. पाऊस लागला की सगळ्यांना पन्हळ आठवते."


११ जून

जैतू आला. मी बोलावलं नव्हतं. बरोबर सुनील. पावसात हॉटेलची कामं थंडावतात, तो दोन महिने वाडीवर असतो. पस्तिशीचा, कमी बोलणारा. आल्या आल्या पडलेली पन्हळ उचलून बोळाबाहेर नीट रचून ठेवली दोघांनी. जैतूने एक तुकडा फोडला, आतली पूड तळहातावर घेतली आणि फुंकून टाकली.

मी म्हणालो, "बोल जैतू. बोलून घे."

"काय बोलू? तुमची बाई आजारी हाय."

सुनील बोळात गेला. पुष्कळ वेळ उभा होता. वर बघितलं, भिंतीला हात लावला, धनेशच्या भिंतीपर्यंत वीत टाकली. मी पडवीतून म्हणालो, "सुनील, पत्रा की ॲल्युमिनियम? तू वर माथेरानला सगळं बघतोस."

"वर आमी तिन्ही लावून बघितल्या, सर. गाडी चढत नाय तिथं, दहा-दहा फुटी तुकडे डोक्यावरून नेले. पत्रा सांध्याला गंजतो. ॲल्युमिनियम चांगली, पन माकडं धावली की चेपते. चेपली की पानी तिथंच थांबतं. प्लॅस्टिकला माकडाचं भ्याव नाय, उनाचं हाय. ऊन खाऊन कडक होते आनि तडकते, सात-आठ वर्सांत."

"म्हणजे प्लॅस्टिक वाईटच."

"वर वाईट. हितं ऊन कुठंय? दोन घरांच्या मधी बोळ. दुपारची घटकाभर तिरीप येत आसंल. हितं ती पंधरा वर्सं हलनार नाय. आनि शिडीला जागा नाय. सलग पन्हळ वाकवून आत घालनार कशी? प्लॅस्टिकचे तुकडे खाली जोडून वर सरकवता येतात. रबराचा सांधा, दोन-दोन फुटावर आकडा. सहा इंची घ्या, चार इंची नको. आपला पाऊस चार इंचीत मावत नाय."

इतकं तो एका दमात बोलला. माझ्या तीन दिवसांच्या वाचनात यातलं एक वाक्य नव्हतं. मी साहित्य निवडत होतो. त्याने आधी भिंत बघितली.

मी म्हणालो, "सुनील, मी चारशे सभांत सांगितलंय —"

जैतू मधेच म्हणाला, "सभा आत झोपलेली नाय, सर. बाई झोपलीय."

आत गेलो. द्वारका जागी होती. सगळं ऐकू जातं त्या खोलीत. म्हटलं, "प्लॅस्टिकची लावतोय." ती उशीला टेकून बसली. म्हणाली, "तुम्हांला जड जाईल."

जड गेलंच. पण तिने या घरात राहायचं तर हेच करायला हवं. तिच्यासाठी एवढं मला करता येतं.


१३ जून

दुपारी तीनपर्यंत लागली. पांढरी. बाजारपेठेतल्या दुकानातून मी स्वतः उचलली, रिक्षात आडवी धरून आणली, टिळक चौकातून. दुकानदार काही बोलला नाही. त्याने आकडे मोजून दिले आणि नजर वर केली नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

धनेशला राहवलं नाही. "सर, प्लॅस्टिक? तुमच्या घरावर? आता भाषणात कुठली सांगणार?"

मी तोंड उघडायच्या आत शिडीवरून जैतू, "भाषनाला नाय लावली रं, भिंतीला लावलीय. तू ती फरशी केली नस्तीस तर पन्हळीची गरजच नव्हती."

धनेश आत गेला. अर्ध्या तासाने चहाचं तबक घेऊन आला. म्हणाला, पाऊस उघडला की फरशीला पुढच्या गटाराकडे उतार काढून देतो.

सुनीलने बादलीभर पाणी कौलांवर ओतलं. पन्हळीने ते आवाज न करता उचललं आणि पाइपाने गटारात नेऊन सोडलं. बोळात एक थेंब नाही.

मी बघत होतो. अभिमान वाटला नाही. हलकं मात्र वाटलं.


१५ जून

सुप्रिया आली. हात लावला. "अजून ओली आहे, सर." पण पन्हळ बघितली, वर खाली दोनदा. माझ्याकडे बघितलं. "आठ दिवस देते. खिडकी उघडी ठेवा, पंखा भिंतीकडे. कपाट परत लावू नका."

जाताना द्वारकेपाशी थांबली. दोघी हळू काहीतरी बोलत होत्या. मी आलो तेव्हा गप्प झाल्या. बायकांचं दुखणं-खुपणं असेल.


१७ जून

पावसाने ओढ दिलीय. भिंतीला दिवसातून सहा वेळा हात लावतो. वरचा भाग हलका वाटतो. खालचा पट्टा अजून गार.


२० जून

पुन्हा जोर. पाच तास. पन्हळ वाहते आहे. बोळात जाऊन उभा राहिलो, अंगावर फक्त वरून पडतं तेवढं. खालून उसळत नाही.

आत आलो. तळव्याला चुना आला नाही.


२२ जून, शनिवार

सुप्रियाने तळवा पाच ठिकाणी टेकवला. कागद लावून बघितला, कागद कोरडा.

"सर, भिंत कोरडी आहे."

मी तिच्या हातातला तो कागद घेतला, स्वतः टेकवून बघितला. म्हणालो, "म्हणजे ती राहू शकते."

"राहता येईल. हो."

ती गेल्यावर मी द्वारकेच्या खाटेशी बसलो. सांगितलं, जिंकलो आपण. मेपासून मनात एकच धरून होतो, की तुला या घरातून हलवू द्यायचं नाही. त्यासाठी शब्द मोडला, कशेळ्याला परत उभं राहायचं तर आधी तो मोडलेला शब्द सांगावा लागेल. सांगेन. जैतूचं नावही घेईन, पण या वेळी त्याला आधी विचारून. तिने माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाली, "फार केलंत हो तुम्ही."

अंतराला फोन करून कळवायला गेलो. द्वारका म्हणाली, "मी केलाय मघाशी."


२३ जून, रविवार

चहा घेऊन गेलो तर द्वारका साडी नेसून खाटेच्या कडेला बसलेली. पायाशी बॅग. तीच, एप्रिलपासूनची.

"अंतरा निघालीय. दहापर्यंत पोचेल. दिवाळीपर्यंत राहीन म्हणते तिथे."

मी म्हणालो, सुप्रिया राहता येईल म्हणाली ना?

"येईल म्हणाली. राहायचंय का, हे मला मेपासून कुणी विचारलं नाही. मला जायचं होतं. चार महिने या भिंतीकडे बघत पडायचं नव्हतं मला. पण त्या ओलीत तुम्हांला एकट्याला टाकून पाय निघत नव्हता. आता कोरडं झालं."

गाडीत बसताना म्हणाली, "एक प्लॅस्टिकची बादली आणा. ठकी रविवारी येत नाही."

पाऊस आहे. पन्हळीचा आवाजसुद्धा येत नाही. बंबातून आंघोळीचं पाणी काढलं आणि पितळी बादली उचलली. मोरीपर्यंत तीनदा खाली ठेवावी लागली.